ईसीजी नॉर्मल आला म्हणून छातीतलं दुखणं सोडून देऊ नका

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतोय. छातीत दुखलं पण ईसीजी नॉर्मल आला तर तो गॅसच, अँटासिडने बरं वाटलं की खात्रीच झाली, आणि उगाच दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर ते घाबरवून अँजिओग्राफी करून स्टेंट टाकतील, शिवाय आपले नेहमीचे डॉक्टर दुखावतील ते वेगळंच. लोक चांगल्या मनाने पुढे पाठवतात, पण हे वाचून कुणीतरी दुखणं अंगावर काढेल म्हणून लिहितेय.

पहिलं ईसीजीचं. ती पट्टी म्हणजे साधारण १० सेकंदांतलं हृदयाचं काम, बस. अटॅक चालू असतानाही पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, म्हणून तर कॅज्युअल्टीत थोड्या थोड्या वेळाने परत काढतात आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतात, आणि तेही दुखायला लागल्या लागल्या वाढलेलं दिसेलच असं नाही, काही तास जाऊ शकतात म्हणून तीही टेस्ट परत करावी लागते. अंजायना असेल, म्हणजे जिना चढताना दुखतं आणि थांबलं की जातं, तर पलंगावर आडवं करून काढलेल्या ईसीजीत काहीच न दिसणं अगदी कॉमन आहे. तिथे टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी), टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), सीटी अँजिओ (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) असं पुढचं काहीतरी लागतं, कुठलं ते डॉक्टर ठरवतील. बायकांना, म्हाताऱ्या माणसांना आणि शुगरवाल्यांना तर कधी कधी नुसती धाप, घाम, मळमळ, जबडा नाहीतर पाठ दुखणं एवढंच होतं, आणि घरातली बाई "ॲसिडिटी आहे गं" म्हणत परत ओट्याशी उभी राहते, तिला कुणी बस म्हणत नाही. याचा मला फार त्रास होतो.

अँटासिडवरून तर काहीच ठरत नाही. अंजायना थोडं बसल्यावर आपोआप कमी होतो, तेवढ्यात गोळी घेतलेली असते आणि श्रेय तिला मिळतं. उलटंही खरं आहे, सॉर्बिट्रेट (अंजायनावरची गोळी) जिभेखाली ठेवून बरं वाटलं म्हणजे हार्टच असंही नाही, कारण अन्ननलिका आखडली असेल तर तीही त्याने सैल पडते.

हो, छातीतलं दुखणं पुष्कळदा हार्टचं नसतं. बरगड्यांचे सांधे, स्नायू, ॲसिड, पॅनिक अटॅक, अगदी पुरळ उठायच्या आधीची नागीण सुद्धा असते. पण मग तसं तपासून सांगा ना, "काही नाही" हे काय निदान झालं? दुखणं परत परत येतंय आणि कारण कुणी सांगत नाहीये, अशा वेळीच दुसरं मत घ्यायचं.

आता स्टेंटची भीती. ती अगदीच बिनबुडाची नाही, पण त्यावरचा उपायच दुसरं मत आहे. हार्टचं दुखणं स्टेबल, म्हणजे ठरावीक श्रमानेच होणारं आणि वाढत नसलेलं, असेल तर स्टेंट-बायपासने आयुष्य वाढतंच असं नाही, २०२० मध्ये छापून आलेल्या इस्केमिया नावाच्या मोठ्या अभ्यासात नुसत्या औषधांवर ठेवलेल्या पेशंटमध्ये मृत्यू काही जास्त झाले नाहीत. म्हणजे विचारायला आणि विचार करायला वेळ असतो. (चालू अटॅकमध्ये मात्र ब्लॉक लगेच उघडावाच लागतो, तिथे हा अभ्यास लावू नका.) आणि स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, तेही विचारून घ्या.

डॉक्टर दुखावतील म्हणाल तर चांगले डॉक्टर स्वतःहून सांगतात, अजून एकाला दाखवा म्हणून. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत दुसऱ्या मताचा हक्क लिहिलेला आहे, आणि मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं हा २००२ पासून डॉक्टरांच्या आचारसंहितेतला नियम आहे.

फक्त एक, आत्ता जोरात दुखतंय, दडपण आलंय, घाम फुटलाय, तर दुसरं मत वगैरे काही नाही, १०८ ला फोन करा आणि जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, स्वतः गाडी चालवू नका.

बाकी वेळी जाताना जुने सगळे ईसीजी न्या, खास करून दुखत असताना काढलेला असेल तर तो, चालू गोळ्यांची यादी न्या, आणि कधी, काय करताना, किती वेळ दुखतं ते कागदावर लिहून न्या. आणि सरळ विचारा, डॉक्टर, हे हार्टचं नाही असं तुम्ही कशावरून म्हणताय, मग कशाचं आहे, आणि काय झालं तर मी लगेच परत यायचं?