रविवार तिचाही आहे

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आणि नात्यातल्या लोकांच्या ग्रुपवर एक विषय फिरून फिरून येतो. युरोपातली चर्च ओस पडली, काही तर विकली गेली, तिकडचा ख्रिस्ती माणूस देवाला विसरला, आणि आपल्याकडे बघा, सणाला उपासनेत उभं राहायला जागा नसते. मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ एका वृद्धाश्रमात नर्स आहे, त्यामुळे शेवटी प्रश्न माझ्याकडे येतो, की खरं आहे का गं हे?

खरं आहे. २०२२ साली इथल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही मोठ्या चर्चचे सभासद मिळूनही देशाच्या निम्म्याहून कमी झाले. इथे सभासद असाल तर चर्च टॅक्स पगारातूनच कापला जातो, भराल त्या इन्कम टॅक्सच्या ८ किंवा ९ टक्के, राज्याप्रमाणे. नको असेल तर सरकारी ऑफिसात जाऊन रीतसर बाहेर पडावं लागतं आणि दरवर्षी लाखो लोक तसे पडतात. पैसा हे एक कारण आहेच, पण २०१८ मध्ये कॅथलिक चर्चच्याच फाइली तपासून जो अभ्यास आला त्यात ३,६७७ मुलामुलींवर धर्मगुरूंनी केलेल्या लैंगिक अत्याचारांची नोंद सापडली, ते वाचून जे उठून गेले त्यांना देवाला विसरलेले म्हणायला माझी जीभ धजत नाही. असो, तो वेगळा आणि फार मोठा विषय आहे.

मला बोलायचंय ते रविवारबद्दल, आणि आपल्या घरच्या कामवालीच्या सुट्टीबद्दल. कारण ज्या देशाला आपण देव विसरलेला म्हणतो त्या देशात रविवारची विश्रांती घटनेत लिहिलेली आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेने जसंच्या तसं ठेवलंय. दुकानं बंद, ट्रक बहुतेक बंद, शेजाऱ्याने ड्रिल मशीन चालवलं तर लोक बोलून दाखवतात. बर्लिन राज्याने नाताळच्या आधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायची मोकळीक दिली होती तेव्हा चर्च घटना कोर्टात गेली आणि २००९ मध्ये जिंकली. वृद्धाश्रमात अर्थात रविवारी कुलूप लावता येत नाही, मी रविवारी ड्युटी करते, पण कायदा सांगतो की वर्षातले किमान १५ रविवार मला मोकळे मिळालेच पाहिजेत आणि रविवारी काम केलं तर दोन आठवड्यांच्या आत बदली सुट्टी. माझ्या सुपरवायझरला ही सुट्टी द्यायला प्रार्थना करावी लागत नाही. तिला चर्चचं काही देणंघेणं नाही, पण सुट्टी ती चुकवत नाही.

हे ग्रुपवर लिहिलं की लगेच दुसरी बाजू उठते, तरुण मुलं विशेषतः, की बघा, चर्चला न जाता माणसं नीट वागतात मग चर्च हवंच कशाला. तेही मला पटत नाही, का ते पुढे सांगते.

आधी बायबलच्या दहा आज्ञांमधली शब्बाथाची, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञा परत उघडून वाचा, निर्गम २०:१०. लहानपणी पाठ केलेली असते आपण, पण "तो पवित्र दिवस पाळ" इथवरच आपल्या डोक्यात राहते. पुढे देव यादी देतो, की त्या दिवशी तू काम करायचं नाहीस, तुझ्या मुलाने नाही, मुलीने नाही, तुझ्या दासाने नाही, दासीने नाही, गुराढोरांनी नाही, तुझ्या वेशीच्या आतल्या उपऱ्यानेही नाही. बायबलच्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात तर कारणही सांगितलंय, तुझ्या दासदासींना तुझ्यासारखाच विसावा मिळावा म्हणून, आणि तू स्वतः मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास होतास हे आठव म्हणून. म्हणजे ही आज्ञा जेवढी उपासनेची आहे तेवढीच घरात राबणाऱ्या बाईच्या सुट्टीची आहे, आणि ती सुट्टी मालकाच्या मर्जीवर नाही ठेवलेली.

आता आपली घरं बघू. सकाळी नीटनेटकं आवरून सगळं घर चर्चला जातं, बायबल हातात, मुलं संडे स्कूलला, आणि त्याच वेळी कामवाली मावशी घरी येऊन भांडी, फरशी, कपडे करत असते, कारण रविवारी पाहुणे असतात म्हणजे तिला उलट जास्त काम. तिला आठवड्याची सुट्टी किती घरांत ठरलेली आहे? न सांगता एक दिवस आली नाही तर पगार कापायची किती घरांत पद्धत आहे? आजारी पडली तर? हे प्रश्न मी चर्चमध्ये, मंडळीच्या मीटिंगमध्ये, कुठेच ऐकलेले नाहीत, आणि आपल्या मीटिंगा काही कमी होत नाहीत. जुनी गायनं म्हणायची की गिटार-ड्रम लावायचे, टाळ्या वाजवायच्या की नाही, प्रभुभोजन किती वेळा, यावर मंडळ्या फुटल्या आहेत. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, तरी आपल्या घरात काम करणाऱ्या बाईची तिथे नोंदणी आहे का हे किती ख्रिस्ती घरांनी विचारलं असेल? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११ चा घरकामगारांचा करार आहे, त्यात आठवड्याला सलग २४ तास विश्रांती सांगितली आहे. जर्मनीने तो २०१३ मध्ये मान्य केला, भारताने अजून नाही. पण आपल्याला कराराची वाट बघायची गरज काय, आपल्याकडे आज्ञा आहे ना.

हे लिहिल्यावर एका काकांनी मला प्रेमानेच उत्तर दिलं, की बाळा, कर्मांनी तारण, म्हणजे पापातून सुटका, होत नाही, पौलाचं इफिसकरांस पत्र २:८-९ वाच, कृपेनेच विश्वासाच्या द्वारे. काका, मी वाचलंय आणि त्यावर माझा जीव आहे, सुट्टी दिल्याने किंवा न दिल्याने माझं तारण ठरणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. पण पौल तिथे थांबत नाही, १० व्या वचनात म्हणतो की सत्कर्मं करण्यासाठीच आपण ख्रिस्तामध्ये निर्माण झालो आहोत. कृपा मिळालेल्या माणसाच्या घरात कामवालीला श्वास घ्यायला जागा मिळत नसेल तर ती कृपा त्या घरात नेमकी कुठवर पोचली असं विचारणं म्हणजे कर्मवाद नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला इथे फार जवळचं वाटतं, त्याही परदेशातून बघत होत्या म्हणून असेल. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहिल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला. सिद्धांतावर त्या सिस्टर्सशी कडाकडा वाद घालत, त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण), चर्चच्या अधिकारावरून, लॅटिन अक्षरं असलेला क्रूस घालायलाही त्यांनी नकार दिला, संस्कृत का नको म्हणाल्या. पण त्यांचं मन कशाने हललं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या बायकांना सिस्टर्स कशा मायेने सांभाळतात हे त्यांनी पाहिलं आणि तुम्ही हे का करता असं विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली गेली, लोकांनी हलकं मानलेल्या बाईशी येशू आपुलकीने बोलला ती. वाद त्यांनी पुढेही सोडला नाही, पण विश्वास त्यांना आधी एका बाईला दुसऱ्या बाईने कसं वागवलं यातून दिसला. आणि मग दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणलं. आपण रमाबाईंचं नाव अभिमानाने घेतो, त्यांच्या नावाने कार्यक्रम करतो, त्यांची ही नजर मात्र आपल्या स्वयंपाकघराकडे वळू देत नाही.

आता त्या तरुण मुलांकडे वळते. कायद्याने सगळं होतं असं वाटत असेल तर इथल्या घरांच्या आत बघा. ज्या देशात दुकानातल्या सेल्सगर्लचा रविवार कोर्टाने राखला त्याच देशात घरी साफसफाई करणाऱ्या बायका मोठ्या संख्येने नोंदणीशिवाय काम करतात, हातात रोख पैसे, विमा नाही, पेन्शन नाही. पोलंड, रोमानिया, बल्गेरियाहून आलेल्या बायका म्हाताऱ्या माणसांच्या घरात राहून त्यांची रात्रंदिवस सेवा करतात. अशाच एका बल्गेरियन बाईचा खटला २०२१ मध्ये सर्वोच्च कामगार कोर्टात गेला, करारात आठवड्याला ३० तास आणि प्रत्यक्षात चोवीस तास हजर राहायचं असं तिचं म्हणणं, कोर्टाने ठरवलं की नुसतं हाकेला तयार राहण्याच्या वेळेचंही किमान वेतन द्यावंच लागेल. निकाल चांगला आला, पण रात्री दोन वाजता आजी हाक मारते तेव्हा ते तास कोण मोजतं? इन्स्पेक्टर घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो. माझ्या कामाच्या ठिकाणी मला हक्क मिळाले कारण तिथे रोस्टर आहे, युनियन आहे, कागद आहे. घरातल्या बाईकडे यातलं काही नाही, ना इथे ना तिथे, तिचा रविवार ज्याच्या घरात ती काम करते त्याच्या मनावर आहे, आणि मन वळवायचं काम कायद्याचं नाही, तिथे मला येशू लागतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात ५:४ मध्ये कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातो असं लिहिलंय, तक्रार करायला दुसरी कुठलीच जागा नसणाऱ्यांबद्दलच ते लिहिलंय असं मला नेहमी वाटतं.

लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, येतोय. आपल्यापैकी बरेच जण चाळीस दिवस मांसाहार सोडतील, गोड सोडतील, मुलं मोबाइल कमी करतील, चांगलंच आहे. पण बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८ वा अध्याय याच दिवसांत वाचतात, त्यात देव उपास करणाऱ्यांनाच म्हणतो की उपासाच्या दिवशी तुम्ही आपलं साधून घेता आणि आपल्या कामकऱ्यांना राबवून घेता. म्हणून पाळकसाहेबांना आणि कमिटीला मी लिहून विचारलंय, की या वर्षी मंडळीतल्या प्रत्येक घराने कामवालीला पगार न कापता आठवड्याची एक पूर्ण सुट्टी ठरवून द्यावी असं वेदीवरून सांगता येईल का. ती ख्रिस्ती नसेल आणि तिला रविवारऐवजी दुसरा वार सोयीचा असेल तर तो वार. तिला विचारून.

ग्रुपवरच्या आमच्या मावशींचा पहिला प्रश्न आलाच, रविवारी पंधरा माणसं जेवायला असतात, भांडी कोण घासणार? जी पंधरा माणसं जेवली ती घासतील, मावशी, आणि सुरुवात पुरुषांपासून करू.