एचएमजीबी१ एलायझा : कर्व्ह सुरेख आला, पण सॅम्पलचं काय?

नमस्कार.

एचएमजीबी१ हे प्रथिन एलायझाने (अँटिबॉडी आणि रंग वापरून प्रथिन मोजणाऱ्या चाचणीने) मोजताना सॅम्पलचीही परीक्षा घ्या, या माझ्या सल्ल्यावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप मला समजले ते असे. स्पाइक-रिकव्हरी, म्हणजे सॅम्पलमध्ये मुद्दाम घातलेल्या प्रथिनापैकी किती परत वाचलं जातं ते, किट बनवणाऱ्यांनी तपासलेलीच असते, मग ती पुन्हा करून वेल (प्लेटवरचे खळगे) का वाया घालवायच्या? स्टँडर्ड कर्व्हचा (ज्ञात संहतीच्या स्टँडर्डवरून काढलेल्या आलेखाचा) आर-स्क्वेअर (बिंदू आलेखाशी किती जुळतात तो आकडा) ०.९९८ आणि डुप्लिकेटमधला (एकच नमुना घातलेल्या दोन वेलमधला) फरक ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे आकडे बरोबर. आणि माहितीपत्रकात सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) चालतं असं छापलेलं असताना ईडीटीए प्लाझ्माचा (ईडीटीए घालून गोठू न दिलेल्या रक्तातल्या द्रवाचा) हट्ट कशासाठी?

मधल्या आक्षेपापासून सुरू करतो, कारण बाकीचे दोन त्याच्यावरच उभे आहेत.

कर्व्ह ज्या प्रथिनाचा असतो ते रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेलं), शुद्ध आणि डायल्युएंटमध्ये (पातळ करायच्या द्रवात) एकटं असतं. सॅम्पलमधलं एचएमजीबी१ एकटं नसतं. चिकटणं हाच या प्रथिनाचा धर्म. २१५ अमिनो आम्लांची साखळी, डीएनए धरणारे ए आणि बी हे दोन धनभारित बॉक्स, आणि शेवटी सलग ३० ॲस्पार्टिक व ग्लुटामिक आम्लांचं ऋणभारित शेपूट. पेशी फुटून ते रक्तात आलं की न्यूक्लिओसोम (डीएनए गुंडाळलेली प्रथिनं), आयजीजी (रक्तातली अँटिबॉडी), थ्रॉम्बोमोड्युलिन (रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचं प्रथिन), जे हाती लागेल त्याला धरतं. प्रथिन पकडणाऱ्या (कॅप्चर) किंवा ते ओळखणाऱ्या (डिटेक्शन) अँटिबॉडीला हवी असलेली जागा अशी झाकली गेली की किटला ते दिसतच नाही. डुप्लिकेटच्या दोन्ही वेलना ते सारखंच दिसत नाही, म्हणून फरक ५ टक्क्यांच्या आत! डुप्लिकेटवरून पिपेटिंग चांगलं झालं एवढंच कळतं.

आर-स्क्वेअरबद्दलही थोडं. त्याच्यावर वरच्या, गडद पिवळ्या, म्हणजे जास्त प्रथिनाच्या वेलचं वजन जास्त पडतं. तळाचं स्टँडर्ड ३० टक्के चुकलं तरी तो ०.९९च्या वर राहू शकतो, आणि बहुतेक सॅम्पल तर तळाच्याच भागात वाचली जातात. त्यापेक्षा फोर-पॅरामीटर फिट (चार आकड्यांवर बेतलेला एस-आकाराचा कर्व्ह) करून प्रत्येक स्टँडर्डची संहती त्याच कर्व्हवरून उलट काढा. ती मूळ आकड्याच्या २० टक्क्यांच्या आत यायला हवी, सर्वांत खालच्या स्टँडर्डला २५ टक्के चालतील.

आता स्पाइक. १९० मायक्रोलिटर सॅम्पलमध्ये १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरचं स्टँडर्ड १० मायक्रोलिटर घाला, म्हणजे ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरची भर पडली. दुसऱ्या नळीत तेच सॅम्पल १९० आणि नुसतं डायल्युएंट १०. तिसरीत डायल्युएंट १९० आणि स्टँडर्ड १०. तिन्ही नळ्या अर्धा तास तशाच ठेवा आणि मगच प्लेटवर घ्या. इथेच पुष्कळजण फसतात. स्पाइक घालून लगेच लोड केलं तर त्याला सॅम्पलमधल्या भिडूंना चिकटायला वेळच मिळत नाही आणि रिकव्हरी उगाच छान दिसते.

समजा साधं सॅम्पल २.१ वाचलं, स्पाइकचं ४.४ आणि डायल्युएंटमधलं ४.९. भर घातली ५ची, सॅम्पलमध्ये दिसली २.३, म्हणजे ४६ टक्के. ८० ते १२०च्या बाहेर गेलं की सॅम्पलचा आकडा जसाच्या तसा छापण्यालायक नाही, आर-स्क्वेअर काहीही असो. आणि तिसऱ्या नळीतच ४.९ऐवजी ३ आलं, तर दोष सॅम्पलचा नाही. स्टँडर्ड नीट विरघळलेलं नाही किंवा नळीच्या भिंतीला बसलंय. लो-बाइंडिंग नळ्या वापरा.

त्याच सॅम्पलचं डायल्युशन करून पाहा. चारपट पातळ केल्यावर १.२ वाचलं तर मूळ ४.८. आठपटीला ०.९, म्हणजे ७.२. सोळापटीला ०.५६ आणि बत्तीसपटीला ०.२८, दोन्हीकडे सुमारे ९. बांधलेलं प्रथिन पातळ होताना मोकळं होत जातंय आणि सोळापटीपासून आकडा स्थिरावतोय. अशा सॅम्पलला सोळापट हेच कामाचं डायल्युशन, मात्र वाचन सर्वांत खालच्या स्टँडर्डच्या वर असलं पाहिजे. न विरळता मिळालेले २.१ हे खऱ्याच्या पावपटही नाहीत.

उत्पादकाने रिकव्हरी तपासलेली असते हे मान्य, पण ती बहुधा मोजक्या निरोगी व्यक्तींच्या सॅम्पलवर. ल्युपस या स्वयंप्रतिकार आजाराच्या रुग्णांच्या रक्तात न्यूक्लिओसोमला बांधलेलं एचएमजीबी१ असतं, शिवाय त्याच्याविरुद्धची अँटिबॉडीही सापडते. माहितीपत्रकातली ९६ टक्के रिकव्हरी तिथे कशी लागू होणार?

सीरमचं म्हणाल तर ते 'चालतं' म्हणजे त्यात सिग्नल येतो. पण रक्त गोठताना प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी एचएमजीबी१ सोडतात, म्हणून वीस मिनिटं गोठवलेलं आणि दोन तास टेबलावर राहिलेलं सीरम यांचे आकडे वेगळे. ईडीटीए नळी, सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० जी वर (गुरुत्वाच्या १५०० पट) १० मिनिटं, वरचा प्लाझ्मा उचलून पुन्हा २५०० जी वर १५ मिनिटं, म्हणजे प्लेटलेट खाली बसतात. उचलताना तळाशी थोडा प्लाझ्मा सोडून द्या, टोक बफी कोटला (पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटच्या थराला) लागलं की सगळी मेहनत पाण्यात. लालसर दिसणारं, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेलं सॅम्पल बाद. हेपरिन (रक्त गोठू न देणारं दुसरं द्रव्य) असलेली नळी मात्र नकोच : हे प्रथिन हेपरिनच्या कॉलमवर शुद्ध करतात, इतकं ते त्याला घट्ट धरतं.

चिकटलेलं प्रथिन सोडवायला सॅम्पलमध्ये पर्क्लोरिक आम्ल घालण्याला तुम्ही 'अघोरी उपाय' म्हटलंय. एचएमजी कुळातली प्रथिनं ५ टक्के पर्क्लोरिक आम्लात विरघळलेली राहतात, बाकीची बहुतेक साक्यात जातात आणि जोड्याही सुटतात. म्हणून रिकव्हरी कमी असेल तर हा मार्ग विचारात घ्यावा. नंतर पोटॅशियम हायड्रॉक्साइडने सामू ७च्या आसपास आणा, बर्फावर ठेवा, पोटॅशियम पर्क्लोरेटचा पांढरा साका फिरवून काढा. स्टँडर्डही याच वाटेने न्या, नाहीतर तुलना उरत नाही. मूळ ७० टक्क्यांचं आम्ल सेंद्रिय पदार्थांजवळ किंवा उष्णतेजवळ नेऊ नका.

कल्चरच्या माध्यमावर काम करणाऱ्यांसाठी जाता जाता : वासराच्या सीरममधलं एचएमजीबी१ बऱ्याच किटमध्ये वाचलं जातं, कारण सस्तन प्राण्यांत हे प्रथिन जवळपास सारखंच आहे. पेशींविना तेवढेच तास ठेवलेलं माध्यम प्लेटवर हवंच. आणि लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) डीटीटी हे क्षपणक असेल तर तो अँटिबॉडीचेच डायसल्फाइड बंध तोडतो. तशीच सोडियम अझाइड असलेल्या बफरची गोष्ट, त्याने एचआरपी (रंग आणणारं विकर) मंदावतं आणि टीएमबीला (ज्याला रंग येतो त्या रसायनाला) निळा रंग चढतच नाही.

वेलचा हिशेब तुम्ही मागितलाय. ब्लँक धरून आठ स्टँडर्ड डुप्लिकेटमध्ये १६ वेल घेतात, उरल्या ८०. तीन सॅम्पलचं स्पाइक आणि त्यांचं कंट्रोल १२, डायल्युएंटमधलं स्पाइक २, तीन सॅम्पलची चार-चार डायल्युशन २४. एकूण ३८. पहिल्या प्लेटवर ४०ऐवजी २१ सॅम्पल बसतील. तीन सॅम्पल निवडताना एक निरोगी आणि दोन रुग्णांची घ्या. तिन्हींची रिकव्हरी ८० ते १२०मध्ये आली, तर पुढच्या प्लेटवर हे काही करू नका. किटचा लॉट (खेप) बदलला किंवा सॅम्पलचा प्रकार बदलला की मात्र पुन्हा करा.