पावसात जाणारे चित्र आणि डिशची गरज : आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपले म्हणणे असे की, पाऊस आला की आमच्या डिशवर ख्रिस्ती वाहिनीचे चित्र गोठते आणि मोबाइलवर सहज दिसणाऱ्या उपासनेसाठी आम्ही दुर्गम वस्त्यांतील लोकांच्या माथी कालबाह्य तंत्र मारतो.

पावसाची तक्रार खरी आहे. आमच्या डिशवर येणाऱ्या केयू बँडच्या (उपग्रह-लहरींच्या एका पट्ट्याच्या) लहरी मुसळधार पावसात शोषल्या जातात; सी बँड या दुसऱ्या पट्ट्याला हा त्रास फार कमी होतो, पण त्यासाठी डिश बरीच मोठी लागते. मात्र पाऊस उघडून बराच वेळ झाला तरी चित्र परतत नसेल, तर बहुधा एलएनबीच्या (डिशसमोर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या भागाच्या) जोडणीत पाणी शिरलेले असते, आणि ती दुरुस्त करून देणे हे आमचे काम आहे.

कालबाह्यतेचा आरोप मात्र मान्य नाही. 35,786 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाचा सिग्नल दहा घरांनी घेतला काय किंवा दहा लाख घरांनी घेतला काय, प्रसारणाचा खर्च तेवढाच राहतो, आणि वाहिनी निःशुल्क असेल तर डिश बसल्यानंतर प्रेक्षकाला दरमहा काही भरावे लागत नाही. इंटरनेटवर प्रत्येकासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो. 1 एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट) वेगाच्या बेताच्या चित्रातही दोन तासांच्या उपासनेला सुमारे 900 एमबी डेटा जातो, तोही दर रविवारी आणि प्रेक्षकाच्याच खिशातून. त्यात साऱ्या वस्तीने एकाच टॉवरवरून एकाच वेळी पाहायचे ठरवले, तर प्रवचनापेक्षा बफरिंगच जास्त. शिवाय आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 2023 च्या अंदाजानुसार जगातील सुमारे 260 कोटी लोक इंटरनेटपासून दूरच होते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या अभिप्रायात नाही, पण आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. ख्रिस्ती कार्यक्रम पाहणे जिथे जोखमीचे असते, तिथे निःशुल्क वाहिनीची डिश केवळ ऐकणारी असते. घरात कोणती वाहिनी लागली आहे हे ती कोणालाही कळवत नाही. इंटरनेटवर मात्र कोणत्या संकेतस्थळाशी संपर्क झाला, याची नोंद सेवा देणाऱ्याकडे राहू शकते. सॅट-7 या ख्रिस्ती दूरचित्रवाणी संस्थेने 1996 मध्ये मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेसाठी अरबी प्रसारण सुरू केले, तेही उपग्रहावरूनच.

प्रश्न विचारणे, प्रार्थनेची विनंती पाठवणे, हुकलेले प्रवचन पुन्हा ऐकणे, यांत इंटरनेट निर्विवाद सरस आहे, आणि चांगली जोडणी असलेल्या घराला आम्ही डिशचा आग्रह करत नाही. आपल्याकडे इंटरनेट अखंड चालत असेल, तर डिश काढून न्यायला आमचा माणूस येईल. तत्पूर्वी त्याच्याकडून एलएनबीची जोडणी तेवढी तपासून घ्यावी.

आपला,
संचालक