हॉकी येते का? येते की!

मी खडकीचा. म्हणजे धनराज पिल्लेच्या खडकीचा, आणि खडकीच्या माणसाला कोणी विचारलं हॉकी येते का, तर तो नाही म्हणूच शकत नाही, इज्जतीचा प्रश्न असतो. त्यामुळे २००२ साली अमेरिकेत इथाकाला कॉर्नेल युनिव्हर्सिटीत शिकायला गेलो आणि लॅबमधल्या कॅनडाच्या पोराने पहिल्याच आठवड्यात विचारलं, हॉकी खेळतोस का, तर मी छाती फुगवून सांगितलं, शाळेत लेफ्ट हाफ खेळायचो. खेळायचो म्हणजे एकूण दोन मॅच, त्यातल्या एकीत पाऊस आला. लेफ्ट हाफ ऐकून तो जरा गोंधळला, पण वहीत माझं नाव लिहून घेतलं. कशाला ते मी विचारलं नाही.

तिकडे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी, हे मला थंडी पडल्यावर कळलं. रूममेट मालवणचा, तो आणि मी हार्वर्डविरुद्धची मॅच बघायला लायना रिंकमध्ये, म्हणजे कॉर्नेलच्या बर्फाच्या मैदानावर गेलो. १९५७ सालची इमारत, बाहेरून पाहिली तर एखादं गोडाऊन वाटावं, आत सगळी जनता लाल कपड्यात आणि गारठा असा की माझी जीन्स बाकावर चिकटते का काय असं वाटत होतं. पाहुण्या टीमची नावं पुकारायला लागले तशी आख्ख्या स्टँडने एकदम पेपर उघडून तोंडासमोर धरले. मी रिझल्ट दाखवायला गेलो की बाबा सेम असाच सकाळ उघडायचे, त्यामुळे मला क्षणभर घरी गेल्यासारखंच झालं. मग पेपरांचे बोळे झाले आणि हार्वर्डवाले बर्फावर उतरले तसे धडाधड मासे! खरेखुरे मासे, जॅकेटात लपवून आणलेले. म्हणे १९७३ साली हार्वर्डच्या पोरांनी कॉर्नेलच्या गोलकीपरवर कोंबडी फेकली होती, तुमचं कॉलेज शेतकी म्हणून, त्याची परतफेड. माझा रूममेट, जो दर रविवारी वेगमन्समध्ये माशाची किंमत बघून हळहळायचा आणि चिकन घेऊन परत यायचा, तो उभाच राहिला. "मासे फेकतत? ह्यांका खुळ लागला काय!" फावड्याने मासे गोळा करत होते तिकडे तो मॅच संपेपर्यंत बघत होता. स्कोअर काय झाला हे आम्हाला दोघांनाही सांगता येणार नाही.

मला मात्र एक गोष्ट पक्की लक्षात राहिली. समोरच्या गोलकीपरने गोल खाल्ला की तीन-चार हजार लोक त्याच्याकडे बोटं दाखवून एका सुरात ओरडायचे, "सिव्ह! सिव्ह! सिव्ह!" म्हणजे चाळण. भोकं आहेत, सगळं खाली पडतं. मी पण ओरडलो, घसा बसेपर्यंत. शेजारच्या आजोबांनी खूश होऊन मला १९७० ची गोष्ट सांगितली, त्या साली कॉर्नेल २९ पैकी २९ मॅच जिंकून चॅम्पियन झालं होतं, आणि त्याच्या आधीची तीन वर्षं इथे केन ड्रायडन गोलकीपर होता, ७६ मॅच जिंकला, ४ हरला, १ बरोबरीत. आजोबांच्या डोळ्यात पाणी होतं. थंडीने पण असेल.

जानेवारीत ती वही उघडली. डिपार्टमेंटची टीम, रात्री अकराची वेळ, जागा तीच, लायना. मी सांगायचा प्रयत्न केला की बाबा रे आमची हॉकी गवतावर असते, स्केट मी आयुष्यात पायात घातले नाहीत. त्यावर त्यांनी चर्चा करून निर्णय दिला, मग तू गोलकीपर, पळायचं नसतं. आता ड्रायडनच्या जागेवर खडकीचा माणूस, नाही कसं म्हणणार? (बर्फ तोच नव्हता, दर पिरियडनंतर झांबोनीचं मशीन वरचा थर खरवडून गरम पाणी सोडतं. पण जागा तर तीच ना.)

पायाला गाद्या, छातीला लोड, तोंडाला जाळी, आणि त्या सगळ्याला आधीच्या वीस जणांच्या घामाचा वास. स्केटच्या नाड्या कॅनडावाल्याने बांधल्या, बालवाडीत बाई बांधतात तशा. बर्फावर पाय ठेवला आणि दोन्ही घोटे आतल्या बाजूला वाकले, मग दोघांनी बखोटीला धरून मला गणपतीसारखं नेऊन जाळीसमोर बसवलं. जाळी सहा फूट रुंद, चार फूट उंच. वरचा दांडा मी असा पकडला जसा लोकलमध्ये पकडतात आणि ठरवलं की काहीही होवो, हा सोडायचा नाही.

पक म्हणजे चेंडूच्या जागी असते ती चकती, रबराची, साधारण १७० ग्रॅम, उसळू नये म्हणून आधी फ्रीजरमध्ये ठेवतात. पहिला कधी आत गेला मला दिसलाच नाही, मागे टक् असा आवाज आला तेव्हा कळलं. दुसरा दिसला पण पाय ऐकेना. तिसऱ्याला मी शाळेतल्या सवयीने पाय लावायला गेलो आणि आडवा झालो, ते थेट पकवरच. न ठरवता गोल वाचला! सगळे येऊन काठ्यांनी माझ्या पायावर टपटप मारायला लागले, ती शाबासकी असते हे माहीत नसल्यामुळे मी आधी माफी मागितली. मला उठवायला चौघं लागले, त्यात एक समोरच्या टीमचा होता. आणि पाचव्या गोलनंतर रिकाम्या स्टँडमधून एक ओळखीचा मालवणी आवाज घुमला, "सिव्ह! सिव्ह!" एकटाच होता मेला, पण तीन हजारांना भारी.

अकरा-शून्य हरलो. दुसऱ्या दिवशी कॉलिंग कार्डाची उरलेली सात मिनिटं होती, आईला फोन केला आणि सगळं सांगितलं, लोक इथे गोलकीपरला चाळण म्हणतात वगैरे. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली,

"पण कुठली चाळण रे, पिठाची की गव्हाची?"

मी म्हंटलं, "गव्हाची."