आधी बेत ठरवा, मग माणसे गोळा करा

थंडी पडू लागली की कार्यालयांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास येतो : "या शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगड, मुक्कामी. कोण कोण येणार?" तासाभरात वीस-पंचवीस अंगठे वर होतात, कुणीतरी गाडीचे भाडे विचारतो, ते माणशी कमी यावे म्हणून आणखी चार जण जमवले जातात, आणि गड नेमक्या कोणत्या वाटेने चढायचा हा प्रश्न गाडी माळशेज घाटात शिरल्यावर निघतो. हा सगळा क्रमच उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाट, वेळ, पाणी आणि ओझे या गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत आणि त्या बेतात कोण बसतो हे त्यानंतर पाहिले पाहिजे. माणसे आधी जमली की मग बेत त्यांच्या हौसेप्रमाणे वाकवावा लागतो, आणि डोंगर काही कुणासाठी वाकत नाही.

हरिश्चंद्रगडाचेच उदाहरण घेतो, कारण 1424 मीटर उंचीच्या या गडावर जाण्याच्या वाटा एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. अकोले तालुक्यातल्या पाचनईहून निघालेला साधारण माणूस पाठीवर सामान घेऊन दोन-अडीच तासांत गडावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिरापाशी पोचतो. जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे जायचे तर खिंडीनंतरचा कातळाचा टप्पा आणि त्यापुढच्या चढउताराच्या टेकड्या धरून चार-पाच तास सहज जातात, आणि "आता आलेच" असे वाटायला लावणाऱ्या त्या टेकड्यांवरच नवख्यांचा धीर सुटतो. कोकणातल्या बेलपाड्यावरून अरुंद घळीतून चढणारी नळीची वाट तर अनुभवी आणि मोजक्या लोकांसाठीच आहे. तिथे मोठा गट नेणे म्हणजे वरच्याच्या पायाखालून निसटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर यायची सोय करणे होय. "खिरेश्वरहून चढू, पाचनईला उतरू" ही सूचनाही नेहमी येते. वाट सुंदर आहे, पण गाडीला ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असा भला मोठा वळसा घालून पाचनईला यावे लागते, हे चालकाला आदल्या दिवशी कुणीच सांगितलेले नसते.

वेळेचा हिशेब सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या गतीने करावा, हे सगळ्यांना पटते आणि कुणीच करत नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा खिरेश्वरहून जाणाऱ्या गटाने दुपारचा एक ही शेवटची वेळ मानावी, आणि गाडीला उशीर झाला तर त्या दिवशी वर न जाता गावातच मुक्काम करावा. हा निर्णय आधी बोलून ठेवला नसेल तर ऐनवेळी कुणाच्याही तोंडून निघत नाही, कारण पैसे भरून आलेल्या वीस जणांपुढे "आज नको" म्हणायला फार मोठे काळीज लागते. शुक्रवारी रात्री अकराला मुंबईहून निघून पहाटे चढाई सुरू करण्याची पद्धतही मला पटत नाही. रात्रभर गाडीत मान टाकून आलेला माणूस पाठीवर दहा किलो घेऊन चढतो तेव्हा त्याचे पाय थकण्याआधी त्याचे लक्ष थकलेले असते.

आता ओझ्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मुक्कामी चढाई आणि एका दिवसाची चढाई यांतला खरा फरक तोच आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. चढताना माणशी तीन लिटर लागतात, म्हणजे सॅकमध्ये काही घालण्यापूर्वीच तीन किलो झाले. त्यावर अंथरूण, पांघरूण, कोरडे कपडे, डोक्याला लावायची बॅटरी, आणि वाटून घेतलेले तंबू, भांडी, शिधा. गडावर मंदिराच्या परिसरातल्या टाक्यांमध्ये पाणी मिळते, त्यामुळे स्वयंपाकाचे पाणी खालून वाहून नेण्याची गरज नाही. ते उकळून किंवा गाळून मात्र घ्यावे. पाचनईची मंडळी वर पिठले-भाकरी करून देतात. आदल्या दिवशी फोन करून माणसांचा नेमका आकडा कळवला तर निम्मा शिधा घरीच राहतो आणि चार पैसे गावात जातात. तरीही काही गट अभिमानाने कोंबडी आणि मोठे पातेले डोक्यावर वाहून नेतात. त्यांच्या हौसेला माझा नमस्कार, पण ते पातेले शेवटी गटातला सर्वांत भिडस्त मुलगाच वाहतो, हे मी नेहमी पाहिले आहे.

थंडीचा अंदाजही असाच चुकतो. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, आणि कोकणाकडे तुटलेल्या उंच कोकणकड्याच्या बाजूला वारा अडवायला काहीच नसते. घामाने भिजलेला सदरा अंगावर तसाच ठेवून शेकोटीची वाट पाहत बसणारे लोक गारठतात. कोरडा सदरा पिशवीत गुंडाळून नेला असेल तर शेकोटीवाचून भागते. तसेही हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे लाकूड तोडणे तर सोडाच, तंबू कुठे लावायचा आणि मुक्कामाला परवानगी आहे का, हेसुद्धा वनखात्याला आणि गावकऱ्यांना विचारूनच ठरवले पाहिजे.

हे सगळे कागदावर आल्यानंतर माणसे. माझ्या मते बारा ही वरची मर्यादा आहे. त्याहून मोठ्या गटात पुढचा आणि मागचा यांची एकमेकांशी गाठ राहत नाही. पुढे एक आणि सर्वांच्या मागे एक जाणकार असावा, आणि मागच्याला मागे टाकून कुणीही जाऊ नये. दमा, रक्तदाब, गुडघ्याचे दुखणे, चालू असलेली औषधे हे प्रश्न गटावर न विचारता प्रत्येकाला खासगीत विचारावेत, म्हणजे खरी उत्तरे मिळतात. गटात स्त्रिया असतील तर शौचाची सोय कशी आणि कुठे, हे निघण्याआधीच मोकळेपणाने बोलावे. या एका संकोचापायी अनेक जणी दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग चढावर चक्कर येते. रात्री जेवणानंतर कड्यावर जायचे नाही आणि दारू न्यायची नाही, या दोन अटी होकार घेतानाच सांगाव्यात. कोकणकड्याची धार आत वळलेली आहे, दिवसासुद्धा तिथे पालथे पडूनच खाली पाहावे लागते.

या अटी ऐकल्यावर पंचवीसपैकी दहा-बारा जणच उरतात आणि माणशी खर्च वाढतो, ही तक्रार मला मान्य आहे. खर्च वाढू द्यावा. ज्यांना या वेळी नको म्हणावे लागले त्यांना गटावर न लिहिता स्वतः फोन करून सांगावे, आणि महिन्याभरात एखाद्या रविवारी लोहगडासारख्या सोप्या गडावर पाठीवर भरलेली सॅक देऊन न्यावे. पुढच्या मुक्कामाला त्यांतले दोघे-तिघे नक्की तयार असतात.