‘दास’ हा शब्द साहेबानं दिलेला नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. दोन ग्रुप शाळेतल्या मित्रांचे, एक गल्लीतल्या मंडळाचा. मजकूर थोडक्यात असा : ख्रिस्ती लोकांच्या गाण्यांत सारखं ‘मी दास, मी दीन’ असतं, हे गोऱ्या साहेबानं शिकवलं, गुलामानं मान वर करू नये म्हणून. बायबलमध्ये गाण्याला स्थानच नाही, तिथं नुसता पापाचा धाक. चाली वारकऱ्यांच्या उचललेल्या. आणि चर्चमधलं गाणं ही रविवारची करमणूक, त्यात सेवा कसली?

पाठवणाऱ्यांपैकी एक जण माझ्या लग्नात पंगतीला वाढत होता. म्हणून राग न धरता एकेका मुद्द्याला उत्तर देतो. मी कोल्हापूरचा, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती, रविवारच्या उपासनेत पेटी वाजवतो.

आधी साहेबाचं बघू. मिशनरी रेव्हरंड रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले 1852 मध्ये. त्यांच्या नावाचं चर्च शहरात आजही आहे. पण ‘परमेश्वराचा सेवक’ हे शब्द त्यांच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधीचे. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात चार कवनं आहेत, अभ्यासक त्यांना सेवकाची गीतं म्हणतात. बहुतेकांच्या मते ती बाबेलच्या बंदिवासाच्या, म्हणजे यहुदी लोकांना कैद करून बाबेलला नेलं त्या काळातली. म्हणजे रचणारा जिंकणाऱ्यांतला नव्हता, घरदार आणि मंदिर गमावलेल्यांतला होता. त्या गीतांतला सेवक करतो काय? चेपलेला बोरू मोडत नाही, मिणमिणती वात विझवत नाही, आणि पृथ्वीवर न्याय बसेपर्यंत खचत नाही. ही मान खाली घातलेल्या माणसाची लक्षणं आहेत का, तुम्हीच सांगा.

आता गुलामीचा आरोप. यात एक गोष्ट खरी आहे आणि ती कबूल केलीच पाहिजे. ‘दासांनो, धन्याच्या आज्ञा पाळा’ हे बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांतलं वाक्य गुलाम बाळगणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी शेकडो वर्षं चाबकासारखं वापरलं. त्याची लाज मला वाटते. शिवाय आपल्या भागात ‘दासी’ म्हटलं की देवाच्या नावानं सोडलेल्या मुली डोळ्यांसमोर येतात. शब्द टोचतो, हे मला समजतं.

पण गुलामांना मळ्यांवर राबवणाऱ्या त्याच मालकांच्या काळातली एक गोष्ट बघा. 1807 मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी म्हणून एक खास बायबल छापलं गेलं. त्यातून जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागाचा, बहुतेक मजकूर गाळला होता. इस्राएल लोक मिसराच्या वेठीतून सुटतात ती ‘निर्गम’ या ग्रंथातली सगळी कथा गायब. मूळ ग्रंथ गुलामीच शिकवत असता, तर कात्री कशाला लावावी लागली असती?

त्या गाळलेल्या भागातच समुद्रापलीकडे पोचलेल्या लोकांचं गाणं आहे. काल वेठीला जुंपलेली माणसं गातायत, आणि मिर्याम हातात डफ घेऊन बायकांना नाचायला पुढे काढते. दासांनी सुटकेनंतर पहिलं काय केलं, तर गाणं म्हटलं. नव्या करारात येशूची आई मरीया ‘मी प्रभूची दासी’ म्हणते आणि त्याच अध्यायात तिच्या तोंडी गाणं येतं : त्यानं सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना उंच केलं, भुकेल्यांना तृप्त केलं, धनवानांना रिकाम्या हातानं लावून दिलं. हे गाणं ऐकून कोणता सावकार निर्धास्त झोपेल?

‘बायबलमध्ये गाण्याला स्थान नाही’ हे वाचून मात्र मी खरंच थक्क झालो. ग्रंथाच्या मधोमध दीडशे स्तोत्रं आहेत. येशूनं शेवटच्या रात्री शिष्यांबरोबर जेवण केलं, योहान सांगतो की कमरेला रुमाल बांधून त्यांचे पाय धुतले, आणि मार्क सांगतो की गीत गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातल्या सुटकेच्या सणाच्या, भोजनात 113 ते 118 ही स्तोत्रं म्हणायची यहुदी रीत आहे, तेव्हा त्या रात्रीचं गीत बहुधा त्यांतलंच. 113वं सुरू होतं ते ‘परमेश्वराच्या सेवकांनो, स्तवन करा’ या हाकेनं. 116व्यात गाणारा म्हणतो, मी तुझा दास, तुझ्या दासीचा मुलगा, तू माझी बंधनं सोडलीस. एकाच ओळीत दास आणि सुटलेली बेडी! हे शब्द नीट वाचले की मेसेजमधलं निम्मं म्हणणं तिथंच गळून पडतं.

फिलिप्पै या गावचं तर वेगळंच सांगायला हवं. तिथं एक दासी होती, भविष्य सांगायची, पैसा धन्यांच्या खिशात. पौलानं तिच्यातला आत्मा काढला, धन्यांची कमाई बुडाली, आणि त्यांनी पौल व सीला यांना फटके मारवून तुरुंगात टाकवलं. पाय खोड्यात अडकलेले, आणि मध्यरात्री दोघं गातायत, बाकीचे कैदी ऐकतायत. एका दासीच्या सुटकेपायी भोगलेल्या तुरुंगातलं ते गाणं. पुढं याच गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पत्रात पौल स्वतःला ‘ख्रिस्ताचा दास’ म्हणवतो आणि दुसऱ्या अध्यायात काही ओळी देतो, ज्यांना बरेच अभ्यासक आद्य ख्रिस्ती लोकांचं गीत मानतात : जो देवाच्या स्वरूपाचा होता त्यानं स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरचं मरणही पत्करलं. रोमी राज्यात वधस्तंभ ही प्रामुख्यानं गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. निवृत्त सैनिकांनी वसलेल्या त्या रोमी वसाहतीत हे गाताना काय धाडस लागलं असेल!

रोमी अधिकारीच त्याची साक्ष देतो. इ.स. 112 च्या सुमारास प्लिनी नावाचा सुभेदार सम्राट त्राजानला लिहितो, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनं गीत म्हणतात. त्याच पत्रात तो म्हणतो, खरं काढून घ्यायला मी दोन दासींचा छळ केला, ज्यांना हे लोक ‘सेविका’ म्हणतात. बाजारात ज्यांची किंमत होत होती त्या बायांना मंडळीत पदवी होती. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

चाली उचलल्या म्हणता? आमची मातृभाषा मराठी आहे. ओवी आणि अभंग आम्ही कुणाच्या घरात शिरून आणलेले नाहीत, आमच्या आज्या जात्यावर तेच गात होत्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म 1861. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते स्वतः सांगत. अशा माणसानं अभंग सोडून कशात गायचं? आणि ज्यानं ख्रिस्ताचं दास्य आयुष्यभर गायलं त्यानंच 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली. साहेबाचा दास असता तर सोडली असती? जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणते, समर्थांच्या नावातच दास आहे, त्यांना आपण गुलाम म्हणत नाही. नवविधा भक्तीत दास्याच्या पुढची पायरी सख्याची. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना म्हणतो, यापुढं मी तुम्हांला दास म्हणत नाही, मित्र म्हणतो. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये.

राहिली करमणूक. हिब्रूत ‘अवोदा’ हा एकच शब्द मिसरातल्या वेठीलाही आहे आणि मंदिरातल्या सेवेलाही. फरक एवढाच की काम कुणासाठी. जुन्या करारातल्या ‘पहिला इतिहास’ या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात गायनाच्या सेवेला नेमलेले 288 जण मोजून दिलेत, आणि पाळ्या ठरवताना लहान-मोठा, गुरू-शिष्य न बघता सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्याच टाकल्या.

आमचा तबलजी शिरोली एमआयडीसीत फिटर आहे. शनिवारी शिफ्ट सुटली की थेट सरावाला येतो. दोनदा साबण लावूनही नखांतलं ऑइल निघत नाही, म्हणून तबल्याला हात लावण्याआधी पंचानं बोटं पुन्हा एकदा पुसतो, मग पावडर टाकतो. सराव संपला की सतरंजी झटकून घडी घालतो तोही तोच. परवा मी त्याला हा मेसेज वाचून दाखवला. त्यानं शेवटपर्यंत ऐकला.

‘‘साहेब कंपनीत हाय की,’’ तो म्हणाला. ‘‘हितं कुठला आलाय साहेब?’’

आणि हातोडी घेऊन उतरलेले गट्टे ठोकायला लागला. मी त्याला पेटीवर काळी दोनचा सूर दिला.