सत्तात्यागाची सॉल्सबरी पद्धत

सत्ता सोडायची वेळ आली आहे आणि मन धजत नाही? काळजी करू नका. फक्त जाहीर मुदत देताना जरा हात राखून बोला. मार्च १९७६ मध्ये ऱ्होडेशियाचे, म्हणजे मूठभर गोऱ्यांच्या ताब्यातल्या आजच्या झिंबाब्वेचे, पंतप्रधान इयन स्मिथ सांगून बसले की इथे बहुसंख्य काळ्यांचं राज्य हजार वर्षांतही येऊ देणार नाही. सप्टेंबरात तेच राज्य दोन वर्षांत द्यायचं कबूल करावं लागलं. ९९८ वर्षं हकनाक गेली.

जोडीदार निवडताना लोक फार चुकतात. ज्यांच्याशी लढाई चालू आहे त्यांच्याशीच तह करायला धावतात. तसं करू नये. काळ्यांच्या गनिमी सेनांचे नेते रॉबर्ट मुगाबे मोझांबिकमधून आणि जोशुआ न्कोमो झांबियातून लढत होते, म्हणून ३ मार्च १९७८ रोजी राजधानी सॉल्सबरीत (आजचं हरारे) करार झाला तो बाकीच्यांशी: बिशप एबल मुझोरेवा, रेव्हरंड न्दाबानिंगी सिथोले आणि सरकारकडूनच मानधन घेणारे जमातप्रमुख जेरेमाया चिराऊ. स्मिथ धरून चौघांचं कार्यकारी मंडळ, अध्यक्षपद पाळीपाळीने. याने युद्ध थांबत नाही, पण फोटो छान येतो.

मग हंगामी सरकार. खात्यागणिक दोन मंत्री नेमावेत, एक गोरा आणि एक काळा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. राहतात हो, एकीची धार आधी काढून घेतली की झालं! न्यायखात्यातले जोडमंत्री बायरन होव्ह बोलून गेले की पोलिसांत काळ्या अधिकाऱ्यांना वर चढू द्यायला हवं. शब्द मागे घ्या म्हटलं, घेतले नाहीत, घरी गेले. मंत्री व्हायला कुणाची ना नव्हती, पण स्वतःच्या खात्याबद्दल बोलायचं काय कारण?

खरी करामत घटनेत करायची असते, तेव्हा इथे घाई नको. गोरे लोकसंख्येत जेमतेम चार टक्के, पण शंभर जागांपैकी २८ त्यांच्यासाठी राखीव. हा आकडा कुणी सहज काढलेला नाही. मोक्याची कलमं बदलायला ७८ मतं लागत. उरलेले ७२ च्या ७२ काळे सदस्य एका सुरात बोलले तरी सहा कमीच. सैन्य, पोलीस, न्यायालयं आणि नोकरशाहीतल्या नेमणुका आयोगांकडे द्याव्यात, आणि आयोगावर बसायला अनुभवाची अट घालावी. अनुभव आजवर कुणाला मिळू दिला होता, हे तुम्हाला ठाऊकच आहे. देशाचं नाव ठेवावं ‘झिंबाब्वे ऱ्होडेशिया’, म्हणजे सासरमाहेरची दोन्ही आडनावं लागली, कुणी रुसायला नको.

एप्रिल १९७९ मध्ये निवडणूक झाली. मुझोरेवांच्या पक्षाला ७२ पैकी ५१ जागा मिळाल्या. आपटी खाल्लेले सिथोले म्हणाले, घोटाळा झाला. ते स्वतः त्याच सरकारात होते, पण असो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ४४८ करून निवडणूकच रद्दबातल ठरवली. मान्यता एकाही देशाने दिली नाही. सगळी रसद पुरवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेनेसुद्धा नाही.

१ जूनला बिशप पंतप्रधान झाले, संरक्षण खातंही त्यांच्याकडेच. सेनापती मात्र पूर्वीचेच, जनरल पीटर वॉल्स. शेजारच्या देशांवरचे हल्लेही पूर्वीसारखेच चालू, फक्त आता ते एका बिशपच्या नावावर जमा होऊ लागले. स्मिथ झाले बिनखात्याचे मंत्री. या पदाला कमी लेखू नका. खातंच नाही म्हटल्यावर हिशेब मागणार कोण?

महिनाभरातच बिशपांच्या पक्षातून जेम्स चिकेरेमा काही सदस्य घेऊन बाहेर पडले आणि ५१ चं बहुमत सरलं. सप्टेंबरात लंडनला लँकेस्टर हाउसमध्ये ब्रिटनने बोलावलेली परिषद बसली. तिथे मुगाबे आणि न्कोमोही होते, म्हणजे ज्यांना टाळायला एवढा खटाटोप केला तेच समोर. गोऱ्यांचा नकाराधिकार सोडायला बिशपांचं शिष्टमंडळ तयार झालं, स्मिथ तेवढे अडून राहिले. १२ डिसेंबरला लॉर्ड सोम्स ब्रिटिश गव्हर्नर म्हणून सॉल्सबरीत उतरले आणि साडेसहा महिन्यांचा देश पुन्हा ब्रिटनची वसाहत झाला.

फेब्रुवारी १९८० मध्ये नव्याने मतदान झालं. मुगाबे ५७, न्कोमो २०, बिशप ३. गोऱ्यांसाठी राखलेल्या २० जागा होत्या, त्या वीसच्या वीस स्मिथ यांच्या पक्षाने घेतल्या. तेव्हा करारावर सही करण्याआधी तुम्ही बिशप होणार की बिनखात्याचे मंत्री, तेवढं ठरवून घ्या.